चाचणीतला जादा प्रश्न

कारखान्यात तिला सगळे 'टाळेबाई' म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. पाण्याचे पंप बनवणारा तो सासरचा कारखाना. तिथल्या संगणकांची सुरक्षा तिच्याकडे होती. कुणी फोनवर कितीही गयावया केली तरी मदतकक्षानं पासवर्ड बदलून द्यायचा नाही, फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर उलट फोन करून खात्री करायची, हा तिचा नियम. लोक कुरकुरायचे, पण पाळायचे.

न पाळणारा एकच, तिचा थोरला दीर. घरीदारी सगळे त्याला दादा म्हणत, आणि कारखाना तोच चालवायचा. एकदा विमानतळावरून त्यानं फोन केला, तर मदतकक्षातला ऑपरेटर म्हणाला, "साहेब, ठेवा, मी उलट फोन करतो." दादाचा पारा चढला. परत आल्या आल्या त्यानं ऑपरेटरला फैलावर घेतलं, "घरच्या माणसांना असले नियम नाहीत. आवाज ओळखता येत नाही तुला?"

टाळेबाईंना याचा पत्ताही नव्हता.

पुढे कुणीतरी तिचाच आवाज चोरला. एका परिषदेतलं तिचं भाषण इंटरनेटवर होतं. तेवढ्यावरून हुबेहूब तिचा आवाज तयार झाला, बोलता बोलता मध्येच 'म्हणजे कसं' म्हणायच्या सवयीसकट. त्या आवाजानं मदतकक्षाला सांगितलं, फोन हरवलाय, नवा पासवर्ड दे. घरच्या माणसाला अडवायची ऑपरेटरची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातला एकही संगणक उघडेना. यंत्रं थंड पडली होती आणि प्रत्येक पडद्यावर खंडणीची धमकी.

बैठक बसली. कारखाना सासूबाईंच्या नावावर, म्हणून त्या आल्या होत्या. विक्रीचं काम नवरा बघायचा, तोही होता. दादानं त्या फोनचं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं.

"आवाज तुझाच ना?"

"माझ्यासारखा आहे. पण ती मी नाही. यंत्रानं बनवलाय तो."

दादा धाकट्या भावाकडे वळला. "काय रे, तू सांग. ही तुझी बायको आहे की नाही?"

नवरा टेबलाकडे बघत पुटपुटला, "आवाज तर तिचाच वाटतोय."

स्वतःचा नियम स्वतःच मोडला, पासवर्ड भलत्याच्या हाती जाऊ दिला आणि आता यंत्राचं नाव पुढे करतेय, असा निकाल दादानं तिथल्या तिथे देऊन टाकला. ऑपरेटर भिंतीला टेकून उभा होता, त्यानं ब्र काढला नाही. तिनं त्याच दिवशी राजीनामा दिला.

सामान घेऊन उतरताना ऑपरेटरनं तिला जिन्यात गाठलं आणि दादाच्या तंबीचं सगळं सांगितलं. "मॅडम, मला नोकरी टिकवायचीय हो."

"टिकव. तू गप्प राहा," ती म्हणाली. "त्यांचं मी बघते."

राहायला सगळे एकाच इमारतीत, खाली दादा, जाऊ आणि सासूबाई, वर ही दोघं. ती खाली जाईनाशी झाली. नवरा म्हणायचा, "सोड ना आता. झालं गेलं." ती म्हणायची, "तू सोड. तुझं काय गेलंय?"

तिला नवी नोकरी मिळाली ती दादाच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक कंपनीत. या मोठ्या कंपन्यांना आता स्वतःचं दार सांभाळून भागत नाही. माल पुरवणाऱ्याच्या खिडकीतूनही चोर आत येतो. म्हणून पुरवठादारांची चाचणी घ्यायची, खोटा हल्ला करून बघायचा, हे तिचं काम. तसा हक्क करारातच होता, आणि दादानं तो न वाचताच सही केलेली.

पंपांच्या कारखान्याची पाळी आली तेव्हा ती वरिष्ठ बाईंकडे गेली. "ते माझे दीर आहेत. आणि माझा त्यांच्यावर राग आहे."

बाईंनी चष्मा काढला. "आखणी तुम्ही करा, बोलणं दुसरा कुणी करेल. राग कामात दिसता कामा नये."

मदतकक्षाला हात लावायचा नाही, हे तिनं आधीच ठरवलं. निशाणा एकट्या दादावर. तिच्या नव्या कंपनीच्या खरेदीप्रमुखानं आपला चेहरा आणि आवाज वापरायला होकार दिला. एक सहकारी तो चेहरा चढवून व्हिडिओ कॉलवर बसला आणि पुढच्या वर्षीचं मोठं काम देऊ करू लागला. दादा फुलून आला. फाइल उघडायला म्हणून त्याच्या फोनवर आलेला कोड मागितला, तो त्यानं खडाखडा वाचून दाखवला. चाचणी तिथेच संपली होती.

पण संवाद तिनं लिहिला होता, आणि त्यात एक प्रश्न जादा होता. सहकाऱ्यानं तो विचारला, "मागे तुमच्याकडे हल्ला झाला होता म्हणे?"

"अहो, आमच्या धाकट्या भावाची बायको होती ना, फार कटकट करायची. तिची चूक नव्हती खरं तर, मीच मदतकक्षाला सूट दिली होती. पण कुणाच्या तरी गळ्यात घालावं लागतं." आणि दादा हसला.

वरिष्ठ बाईंनी ते ऐकलं. "हा प्रश्न कशाला होता?"

"माझ्यासाठी."

"अहवालात येणार नाही तो."

अहवालात आला नाही. पण निष्कर्ष सांगायला ती कारखान्यात गेली तेव्हा समोर सासूबाई, दादा, नवरा सगळे होते, आणि तिनं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत चालू दिलं. हसण्यासकट. दादाचा चेहरा पांढराफटक पडत गेला, आणि तिनं नजर हटवली नाही. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"खोटंय हे," दादा म्हणाला. "यंत्रानं बनवलंय."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "मग त्या दिवशी हिचं का नाही ऐकलंस?"

कारखान्याची सूत्रं दादाच्या हातून गेली. त्याच्याकडे गाड्या आणि गोदाम उरलं. तिलाही तिच्या कंपनीकडून लेखी ताकीद मिळाली, ती तिनं बिनतक्रार घेतली. सासूबाईंनी परत बोलावलं, तिनं नाही म्हटलं. नवऱ्यानं माफी मागितली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ऐकलं."

वर्षभरानं त्या कारखान्याच्या फेरचाचणीची वेळ आली. आखणी दुसऱ्याला द्यायला वरिष्ठ बाई तयार होत्या, हिनंच ती मागून घेतली. त्याच आठवड्यात जाऊ जिना चढून वर आली आणि दारातच उभी राहिली.

"त्यांना जेवण जात नाही गं. अजून किती दिवस हा सूड चालवणार आहेस?"

"ताई, आत या, बसा," ती म्हणाली. "पण ते मला विचारू नका."