चहाची जागा

उन्हाळाभर चाललेल्या कूलरच्या गवताच्या ताट्या दिवाळीच्या सफाईत काढल्या, की त्यांवर पांढरा क्षार साचलेला दिसतो. रोज पाणी वाहत असताना कुणाचं लक्ष जात नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. घडताना नुसता वैताग असतो, आणि पाच वर्षांनी पाहावं तर बोटभर थर!

आमच्या गायन मंडळाचा थर जरा जाडच आहे. मंडळ वर्ध्याजवळच्या आंजीच्या विहाराचं. दर बुद्धपौर्णिमेला एक नवं गाणं बसवायचं, हा नेम. ढोलकीला नामदेवकाका, एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन सेलूला मुलाकडे राहायला गेले. कोरस कुंदाताईंचा, त्या पवनारला अंगणवाडी सांभाळतात. कीबोर्डला प्रशांत, त्याची नोकरी पुण्यात. आणि चाली लावणारी, शिकवणारी, सगळ्यांना रागावणारी शालिनी. माझी बायको. वर्ध्याला शाळेत शिकवायची. आंजी तिचं माहेर, म्हणून मंडळात मी सगळ्यांचा भाऊजी आणि काकांचा जवाईबापू. मला सूर कळत नाही. तिने मान हलवली की मोबाइलवरचं रेकॉर्डिंगचं लाल बटन दाबायचं, एवढंच माझं काम.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. म्हणून हे किस्से बटन दाबणाऱ्या माणसाला सांगावे लागताहेत. आणि जिने जन्मभर गाणी शिकवली, तिच्या आवाजातली एक ओळही माझ्याजवळ नाही. का नाही, तोही एक किस्साच आहे.

*

लॉकडाउन लागला त्या वर्षी विहाराला कुलूप होतं. "विहार बंद असला तर असू द्या, गाणं काऊन बंद ठेवायचं?" असं म्हणून शालिनीने सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. तिने "एक, दोन" म्हटलं आणि सगळ्यांनी एकदम सुरुवात केली. म्हणजे, प्रत्येकाला तसं वाटलं! ऐकू आलं ते असं, की कुंदाताईंचं कडवं संपलं तेव्हा काकांची ढोलकी निघाली, आणि प्रशांत पुण्याहून अजून यायचाच होता.

"कुंदा, तू मागं काऊन राहून राह्यली?" काका ओरडले.

"मी कुठं मागं हाय? तुम्हीच पुढं पळून राह्यले! हे एसटी नाई, काका!"

"एसटी असती तर टायमावर पोचलो असतो!"

शेवटी शालिनीने कॉल बंद केला. "मी एकटी गाऊन पाठवते," ती म्हणाली, "ते लावा आणि माझ्यामागून एकेकटे गा."

*

हे सगळं जोडणारा मिलिंद नागपूरचा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्यानेच सांगितलं, की असल्या गाण्याला 'गाइड' म्हणतात; सगळ्यांचे ट्रॅक त्याच्यावर बसले, की गाइड काढून टाकायचं.

"म्हंजे ताईचा आवाज गाण्यात राह्यणारच नाई?" कुंदाताईंनी विचारलं.

शालिनीचा आवाज जाडसर होता, किंचित फुटका. कोरसात वेगळा पडतो, असं तिचं स्वतःचंच मत. त्यामुळे ती कोरसात कधी उभी राहिली नाही.

"स्लॅब भरला की सेंट्रिंग काढतातच न?" ती म्हणाली. "सेंट्रिंग ठेवून घरात राहाल काय?"

तेव्हापासून दर वर्षी गाणं पूर्ण झालं, की ती ग्रुपवर लिहायची, "गाइड उडवा." आज्ञा सगळ्यांत आधी पाळायचो तो मी. फोन नाहीतरी भरलेलाच असायचा.

*

गाइड इअरफोनवर ऐकायचं आणि दुसऱ्या फोनवर फक्त आपलं रेकॉर्ड करायचं, ही साधी गोष्ट. ती आमच्या मंडळात कुणालाही, कधीही जमली नाही. सगळे एका फोनवर गाइड मोठ्याने लावत आणि शेजारी दुसरा फोन ठेवून गात.

मिलिंदचा फोन यायचा. "ताई, काकांच्या ढोलकीच्या ट्रॅकमधे मागून तुम्ही गाऊन राह्यल्या! कोरसमधेही तुम्हीच. कितीही घासलं तरी निघत नाई!"

शालिनीने वर्ध्याच्या बाजारातून सगळ्यांसाठी इअरफोन आणले. काकांना स्वतः नेऊन दिले, लावायचे कसे ते दाखवलं. महिन्याभराने ट्रॅक आला. त्यात ढोलकी आणि मागे शालिनी.

"काका, इअरफोन कुठं गेले?"

"हायेत न! ढोलकीच्या थैलीची नाडी तुटली होती, तिथं बांधले. लय मजबूत हायेत, पोरी!"

*

कुंदाताईंचं घर पवनारला रस्त्यावरच आहे. एका वर्षी कोरसच्या ऐन मध्यावर गाडीचा हॉर्न आला. मिलिंदने खूप खटपट केली, तरी तो थोडासा राहिलाच. तयार गाणं ग्रुपवर टाकलं आणि सगळे काकांच्या अभिप्रायाची वाट पाहू लागले. काकांनी ते तीनदा ऐकलं. मग फोन केला.

"साडेनवाची वर्धा गाडी हाय ते," काका म्हणाले. "डेपोत सांगजा कोणी, हॉर्नमधे पाणी गेलं हाय."

"आणि गाणं, काका?"

"गाणं बरं हाय."

*

बुद्धपौर्णिमा ऐन वैशाखात. वैशाखात आमच्याकडे कूलर बंद करायला सांगणं म्हणजे माणसाला श्वास बंद करायला सांगण्यासारखं. पण प्रत्येक ट्रॅकमध्ये कूलरची घरघर! शालिनीने फर्मान काढलं, "रेकॉर्डिंग करताना कूलर बंद."

"आमच्याकडे कूलर लागतच नाही," प्रशांतने लिहिलं.

"तू पुण्याचा, तू चूप बस!" कुंदाताईंनी लिहिलं.

त्या वर्षी काकांचा ट्रॅक आला आणि मिलिंदने चकित होऊन फोन केला. घरघर नाही, कोंबडा नाही, भिंतींचा घुमारा नाही. नुसती ढोलकी, आणि मागे नेहमीसारखी शालिनी.

"काका, कोणत्या स्टुडिओत गेलते?"

"कायचा स्टुडिओ! पोरानं कापूस विकलाच नाई अजून. खोली छतालोक भरून हाय. त्यातच जागा करून बसलो."

"भारी डोकं लावलं, काका!"

"डोकं ठीक हाय रे. पण अंग लय खाजून राह्यलं!"

घरात साठवलेला कापूस उन्हाळ्यात अंगाला काय करतो, हे आमच्या जिल्ह्यात सांगावं लागत नाही. काका आठ दिवस कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ करत होते.

*

त्याच गाण्याचा दुसरा किस्सा. यात गुन्हेगार मी आहे.

गाण्याचे शब्द शालिनीचेच होते. "दिवा तुझा, पाय माझे, वाट अजून लांब आहे." ही ओळ संपवून ती पुढच्या कडव्यावर जाणार, तेवढ्यात मी स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा ठेवू का?" लाल बटन दाबून झाल्यावर मला तिथे काही काम नव्हतं.

तिने हातातला ठेका सोडला नाही, पट्टी सोडली नाही. त्याच सुरात म्हणाली, "अद्रक टाकजा!" आणि पुढचं कडवं घेतलं. पुन्हा गायचा कंटाळा आला, म्हणून तेच गाइड पाठवून दिलं. एवढं तर कुणालाही समजेल!

समजलं नाही. गाइडमध्ये आठ मात्रा गाणं नाही, म्हणजे ताईंनी ती जागा मुद्दाम सोडली असणार. काकांनी ढोलकी थांबवली. कुंदाताईंच्या कोरसातल्या बायका थांबल्या. प्रशांतने कीबोर्डवरून बोटं उचलली. तिघं तीन गावांत, एकमेकांना न विचारता! मिलिंदने तेवढ्या तुकड्यातला आमचा संवाद पुसून जागा सपाट केली.

पौर्णिमेला गाणं विहारात लागलं. त्या ओळीनंतर एकदम शांतता, आणि मग कोरस. कार्यक्रमानंतर भन्तेजींनी शालिनीला जवळ बोलावलं. "गाण्यात ध्यानासाठी जागा सोडलीत," ते म्हणाले. "ही फार मोठी समज आहे."

शालिनीने हात जोडले. मग मान न उचलता तिरप्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून ते गाणं लागलं, की त्या जागी सगळा विहार डोळे मिटतो. मंडळात मात्र त्या जागेचं नाव कायम झालं, चहाची जागा.

*

ती गेल्यावर काका सेलूहून बसने आले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "जवाईबापू, मोबाइलात पोरीचा आवाज असंल न?"

"नाही."

"काऊन?"

व्हॉइस मेसेज ती पाठवत नसे; टाइप करायची, पूर्णविरामासकट. घरच्या व्हिडिओंमध्ये ती वाढताना दिसते, हात हलवून "नको" म्हणताना दिसते. बोलत कुणीतरी दुसरंच असतं. आणि गाइडं मीच उडवली होती, एकेक करून. ग्रुपवर सगळ्यांना विचारून झालं होतं. काकांचा फोन बदललेला. कुंदाताईंचा पाण्याच्या ड्रममध्ये पडलेला. मिलिंदनेही गाइडं तेव्हाच उडवलेली. प्रशांतने लिहिलं होतं, "भाऊजी, ताईंनीच उडवायला सांगितलं होतं."

"सेंट्रिंग काढलं, काका," मी म्हटलं.

काकांनी मान हलवली. उठताना म्हणाले, "आम्ही कवाच आयकलं नाई तिचं. याच गोष्टीत आयकलं!"

*

या वर्षी नवं गाणं बसवायचं ठरलं. गाइड कुंदाताईंनी गायलं, आणि चांगलं गायलं. पण कुणाचाच ट्रॅक येईना. शेवटी त्यांनी काकांना फोन लावला.

"काका, माह्या गाण्यात काही चुकलं काय?"

"नाई व बाई, तुह्यामागं वाजवता येते. पण चुकलो तर रागावणारं कोणी नाई. मंग बरोबर वाजवलं का चूक, हे कसं समजंल?"

कुंदाताईंनी त्यांच्या परीने रागावूनही पाहिलं. "नाई जमत तुले," काका म्हणाले.

मग ठरलं, की यंदा जुनंच, चहाच्या जागेचं गाणं लावायचं आणि त्याच्यासोबत सगळ्यांनी विहारात उभं राहून गायचं. मी मिलिंदला फोन करून ते पुन्हा पाठवायला सांगितलं.

"पाठवतो, भाऊजी," तो म्हणाला. "जुन्या हार्ड डिस्कवर तेव्हाचे सुटे ट्रॅक असतील. काकांचा तो कापसाच्या खोलीतला. ढोलकीखाली ताईचं गाणं दबलं हाय, ते नाई निघणार. पण एक जागा... पाहून सांगतो."

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. हार्ड डिस्क खराब होतात, एवढं मलाही कळतं.

*

पौर्णिमेच्या सकाळी आंजीला पोचलो, तेव्हा आठ वाजताच ऊन चढलं होतं. विहाराच्या पटांगणात मांडव, एका बाजूला खिरीचं पातेलं, दुसऱ्या बाजूला चुलीवर चहाचा मोठा गंज. चहावाला बाहेरगावाहून बोलावलेला होता. खांद्यावर टॉवेल टाकून तो गाळणी धुण्यात गढला होता, आमच्याकडे पाठ करून. मी सवयीने स्पीकरच्या मशीनपाशी उभा राहायला गेलो, तर कुंदाताईंनी हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं.

"यंदा तुम्ही इथंच बसजा, भाऊजी."

मागच्या खांबाशी मिलिंद उभा होता. नागपूरहून तो पहिल्यांदाच आला होता. माझ्याकडे बघेना.

वंदना झाली. गाणं सुरू झालं. स्पीकरवर जुनं, समोर मंडळ. प्रशांतही पुण्याहून आला होता. सगळे एका जागी, एका वेळी. आणि तरीही काका अर्धी मात्रा पुढे!

"दिवा तुझा, पाय माझे, वाट अजून लांब आहे."

काकांचा हात ढोलकीवर थांबला. कोरस थांबला. सगळ्या मांडवाने डोळे मिटले. लहान पोरंसुद्धा गप्प. यंदा मिलिंदने कापला होता तो फक्त माझा प्रश्न. स्पीकरमधून कापसाच्या खोलीतली ती शांतता आली, आणि मग जाडसर, किंचित फुटक्या, पण पट्टी न सोडलेल्या आवाजात,

"अद्रक टाकजा!"

गंजापाशी चहावाला दचकून उभा राहिला. गाळणी हातात तशीच. मांडवाकडे वळून त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं,

"टाकलं न माय, कवाच टाकलं!"