जुलाय मिंगोचा दगड

हेगरमावशीनं सोल्जरांच्या कबरस्तानात जाऊन नवऱ्याच्या थडग्यावरचा सरकारी दगड कुऱ्हाडीनं फोडला, तुकडे खाडीत फेकले, आणि शेरीफ तिला धरायला आला तेव्हा ती होडीत बसून निवांत कालवं खात होती, अशी गोष्ट आमच्या बेटावर सांगतात. सांगणारा दुकानातला असेल तर कुऱ्हाड असते. प्रार्थनाघराच्या पायरीवरची बाई असेल तर घण असतो आणि शेरीफ दोन असतात.

सगळं खोटं. हेगरमावशीकडे कुऱ्हाडच नाही. लाकूड फोडायचं असलं की ती एब्रमकाकाची मागून आणते आणि वर "केवढी बोथट ठेवलीय रे, काय बायकोच्या जिभेवर घासतोस का?" असं त्यालाच ऐकवते. दगड आजही जागेवर आहे. अखंड, पांढराशुभ्र. तिनं त्याला बोटही लावलेलं नाही. ज्यांचा तिच्यावर जीव आहे त्यांना वाटतं, फोडला असता तर बरं झालं असतं.

त्या दगडाची सुरुवात झाली एका टेबलापाशी. गुलामगिरीवरून अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण लढत होते, त्या लढाईचं तिसरं वर्ष होतं. आम्हा गुलामांचा मालक व्हार्नेल तोफा ऐकून दीड वर्षापूर्वीच पळाला होता, अर्ध्या खाल्लेल्या ताटांवर माश्या सोडून. बेटावर उत्तरेची फौज होती आणि काळ्यांची पलटण उभी राहत होती. ओकच्या मोठ्या झाडाच्या सावलीत टेबल मांडून एक गोरा कारकून नावं लिहीत होता. रांगेत जुलाय उभा होता आणि त्याच्या मागे, रताळ्यांचं गाठोडं काखेत धरून, त्याची बायको हेगर, लग्नाला चार वर्षं झालेली.

आता हे सांगायला हवं. गोऱ्यांच्या लेखी तेव्हा आमच्या माणसांना आडनाव नव्हतं. पण होतं. बापानं मुलाला कुजबुजत दिलेलं, चुलीपाशी आणि प्रार्थनेत वापरलेलं. घराबाहेर मात्र ते कधी काढायचं नाही, कारण मालकाच्या हाती जे लागेल ते तो विकू शकतो. जुलायचा बाप मिंगो, म्हणून जुलाय मिंगो. हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं आणि व्हार्नेलला मरेपर्यंत कळलं नाही.

कारकुनानं मान वर न करता विचारलं, "नाव?"

"जुलाय."

"तू कोणाचा?"

"व्हार्नेलचा, साहेब."

कारकुनानं लिहिलं: जुलाय व्हार्नेल. शाई वाळवायला वाळू टाकली. "पुढचा!"

हेगरनं त्याला वाटेतच धरलं. "अरे, मिंगो का नाही सांगितलंस? आता कोणाच्या बापाची भीती आहे तुला?"

"हळू बोल, बाई. खरं नाव असं उघड्यावर टेबलावर ठेवतात का? हे निळे कोटवाले उद्या गेले आणि व्हार्नेल परत आला तर? नाव जपलेलं बरं." मग हसून म्हणाला, "लढाई संपली की लिहीन की. रताळी दे."

लढाई संपायच्या आधीच तो संपला. गोळीनं नाही, तापानं. पलटणीच्या इस्पितळात. हेगर होडी वल्हवत पलीकडच्या किनाऱ्याला पोचली तेव्हा त्याला पुरून एक रात्र झाली होती. थडग्यावर फळी होती. फळीवर काय लिहिलं होतं ते तिला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायला तिनं कोणाला सांगितलं नाही. पुढे फळी कुजली. तिच्या जागी नंबराचा खुंटा आला. बाकी ओळीत हळूहळू दगड उभे राहत गेले, आणि खुंटा तसाच.

दर रविवारी प्रार्थनेनंतर हेगरमावशी तेच बोलायची. "न्यायाच्या दिवशी मेलेल्यांना उठवायला शेवटचं शिंग वाजेल. देवदूत वही उघडून हजेरी घेईल. 'जुलाय व्हार्नेल!' अशी हाक मारली तर माझा माणूस उठेल का? नाही उठायचा. मी ओळखते त्याला." वर म्हणायची, "आणि फौजेच्या सवयीनं उठलाच, तर त्याला त्या व्हार्नेलच्या रांगेत उभं करतील. तिथून मी कशी सोडवून आणू?"

बायका म्हणायच्या, "देवाला माहीत असतं गं सगळं."

"देवाला असेल. वही देवदूत लिहितो ना. कारकून इथून तिथून सारखेच."

शेवटी प्रार्थनाघराच्या मास्तरांनी सरकारला अर्ज लिहिला, की दगड द्या आणि त्यावर जुलाय मिंगो असं खरं नाव कोरा. एक नाही, चार. चौथ्यानंतर चौकशीला एक साहेब बोटीनं आला. हातमोजे, गवताची टोपी, आणि नाकातून वाक्य ओढत बोलायची पद्धत, जणू प्रत्येक शब्द त्याच्या खिशातून जातोय. त्यानं हेगरमावशीच्या पडवीत टेबल मागवलं. टेबल नव्हतं, म्हणून कालवं धुवायची पाटी पालथी घातली.

साक्षीला एब्रमकाका. त्याच पलटणीचा, तिथं जुलायच्या बाजूच्या बिछान्यावर झोपायचा. एकच अंगरखा इस्त्री केलेला, तो घालून आला.

साहेब म्हणाला, "तर मृताचं नाव मिंगो होतं, असं तुझं म्हणणं?"

"होय साहेब."

"पण हजेरीला व्हार्नेल म्हणून हाक मारली की तो हजर म्हणायचा?"

"जी हाक मारली त्याला हजर म्हणायचो साहेब. नाही म्हटलं तर सार्जंट मारायचा."

"म्हणजे व्हार्नेल आणि मिंगो ही दोन माणसं?"

"एकच माणूस. नावं दोन."

"मग त्यातलं खोटं कुठलं?"

एब्रमकाकानं टोपी हातात फिरवली आणि फार अदबीनं म्हणाला, "तुमच्याकडचं, साहेब."

पडवीबाहेर जमलेले लोक खोकले. साहेबानं कागद उलटले. "तुझं स्वतःचं नाव?"

"एब्रम डेली."

"पलटणीच्या यादीत एब्रम डेली नाही."

"यादीत मी व्हार्नेल आहे."

"तूही व्हार्नेल?"

"आम्ही एकोणतीस जण व्हार्नेल होतो साहेब. एकाच झाडाखाली एकाच दुपारी जन्मलो."

"म्हणजे यादीतला एब्रम तूच, याला साक्ष कोण?"

एब्रमकाकानं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. "जुलाय होता," तो म्हणाला.

साहेबानं लेखणी पुसली. हेगरमावशी पुढे सरकली. "साहेब, मला विचारा. मी त्याच्या मागेच उभी होते. मी तेव्हा नुसती खोकले असते तरी त्यानं मागं वळून पाहिलं असतं आणि सांगितलं असतं. मी खोकले नाही. लिहा तसं. चूक माझी, लिहा."

"बाई, चूक कोणाची यासाठी कागदावर जागा नाही," साहेब म्हणाला. त्यात कुचकेपणा नव्हता. जे होतं ते सांगितलं. तो निघाला तेव्हा तिनं त्याला भाजलेली रताळी बांधून दिली. त्यानं हातमोजा काढून ती हातात घेतली आणि आभार मानले. लिहायचं ते त्यानं आधीच लिहिलं होतं.

आठ महिने काही आलं नाही. हेगरमावशी ओहोटीला कालवं काढायची, भरतीला कापूस खुरपायची. खाडीकडे पाहायची नाही, पण पोस्टाची बोट शिटी वाजवायची तेव्हा तिचा खुरप्याचा हात थांबायचा. मग मास्तरांकडे चिठ्ठी आली की दगड तयार आहे, बसवला आहे. नाव काय कोरलंय ते चिठ्ठीत नव्हतं.

वस्तीत आनंद झाला. कोणी म्हणे, बसवला म्हणजे मान्यच केलं. एब्रमकाकाला पुन्हा अंगरखा इस्त्री करावा लागला. वाचता येतं म्हणून मलाही होडीत बसवलं. हेगरमावशी मधल्या फळीवर, मांडीवर हात ठेवून, बेटाकडे तोंड करून बसली होती. पलीकडच्या किनाऱ्याकडे पाठ.

मी म्हटलं, "मावशी, बघ, मिंगोच असणार. एवढे अर्ज, एवढी साक्ष!"

"व्हार्नेल असणार."

"पैज!"

"कसली?"

"मी जिंकले तर तुझा लाल रुमाल माझा. तू जिंकलीस तर आठवडाभर तुझी कालवं मी फोडीन."

एब्रमकाका वल्हं थांबवून ओरडला, "असल्या गोष्टींवर पैज लावतात का, कार्टे?"

"लावू दे," ती म्हणाली. "पोरीला अजून वाटतंय तर लावू दे."

ती नेहमी वाईटाच्याच बाजूनं पैज लावते आणि आजवर एकदाही हरलेली नाही. हे मला ठाऊक होतं. तरी मी लावली, कारण त्या दिवशी ती हरायला हवी होती. मला रुमाल नको होता.

गवत ओलं होतं. ओळीत तिसऱ्या दगडाशी एब्रमकाका थांबला आणि त्यानं टोपी काढली. हेगरमावशी दगडापासून दोन पावलं अलीकडे उभी राहिली. "वाच," ती म्हणाली.

मी वाचलं, मनात. मग माझ्या डोक्यात आलं की हिला वाचता येत नाही. एब्रमकाकालाही नाही. मी 'मिंगो' म्हटलं की संपलं. ही घरी जाऊन झोपेल, आयुष्यभर झोपेल. बेटावरच्या कोणाचाही आवाज मला काढता येतो, त्या साहेबाचा तर असा की कुत्री भुंकतात. एक शब्द खोटा म्हणायला मला काय जड होतं?

मी तोंड उघडलं. हेगरमावशी दगडाकडे पाहत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "जसं आहे तसं. त्यालाही ऐकू दे."

"जुलाय," मी म्हटलं. "जुलाय व्हार्नेल."

तिनं मान हलवली, एकदा, जसं कोणी भाव ऐकून हलवतं. थडग्याच्या पायथ्याशी वाकून गवताची दोन-चार पाती उपटली, ती हातात चुरगाळली आणि होडीकडे वळली. दगडाजवळ गेलीच नाही.

"हरलीस," जाता जाता ती मला म्हणाली. "सोमवारी ओहोटी पहाटेच आहे. हातमोजे आण, शिंपल्यांनी हात कापतात."