नफीसा मॅडमची क्रियापदं

नफीसा मॅडम वर्गात शिरल्या की हजेरी घेण्याआधी फळ्यावर एकच क्रियापद लिहायच्या आणि मुलांकडे वळून म्हणायच्या, "याला एकटं ठेवू नका रे. कुणीतरी सोबतीला द्या."

मग मुलं ओरडायची. खाऊन घेतलं, खाऊन टाकलं, खाऊन पाहिलं. "यातला घाईत कोण? चव कोण बघतंय?" मॅडम विचारायच्या. पनवेलच्या आमच्या शाळेत वीस वर्षं मीही संयुक्त क्रियापदांचा हाच धडा शिकवत होतो. व्याख्या, दोन उदाहरणं, पुढचं पान.

दहावीचा वर्ग माझ्याकडून काढून त्यांना दिला, तेव्हापासून मी त्यांच्या चुका शोधू लागलो. पनवेलच्याच कोकणी मुसलमान घरातल्या त्या. शुद्धलेखनात तरी घसरतील अशी माझी आशा होती. घसरल्या नाहीत.

एकदा शेजारच्या खोलीत मी वह्या तपासत होतो. मधल्या दारातून त्यांचा फळा दिसत होता, त्यावर 'रडला' होतं. उलव्याची मनीषा उठली. माझ्या तासाला ही मुलगी तोंड उघडत नसे. तिचं 'नाय' मी दरवेळी दुरुस्त करायचो. ती म्हणाली, "आजा गेला तवा बापूस घरान रडला नाय. खाडीवर जाऊन रडून आला."

मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. "गेला, रडला, परत आला. बापाची अख्खी दुपार आहे बघा यात."

मला कौतुक वाटायला हवं होतं. पण मला त्या वाक्यातलं 'नाय' तेवढं दिसलं.

त्याच दिवशी मी मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार दिली: दहावीच्या वर्गात फळ्यावर अशुद्ध भाषा लिहिली जाते. आठवड्याभरात वर्ग मला परत मिळाला. मुलं निमूटपणे दोन उदाहरणं उतरवू लागली. मनीषा तर मान वर करेना.

वर्ष संपलं आणि मॅडम नवऱ्याकडे मस्कतला निघाल्या. निरोपाचा चहा झाल्यावर त्या माझ्यापाशी आल्या.

"सर, स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, तक्रार तुम्ही केलीत."

मी कप बशीत ठेवला.

"मी त्यांना सांगते, सरांनी केली नाही. करून बसले ते."

हसल्या, पर्स उचलली आणि निघाल्या. त्यांनी मला माफ करून टाकलं होतं. आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत विचार करत होतो, इतकं साधं वाक्य मला उभ्या नोकरीत का सुचलं नाही.