हातभर खोल गाडलेल्या खुर्च्या

गेमिंगची खुर्ची हा शोध कोणाचा, असं कोणी विचारलं तर मी डोळ्याची पापणी न हलवता सांगतो: माझ्या वडिलांचा. हल्ली मॉलमध्ये त्या लाल-काळ्या, सिंहासनासारख्या फुगलेल्या खुर्च्या दिसतात. मानेला उशी, कमरेला उशी, खाली चाकं. मी प्रत्येकीत बसून बघतो आणि पायाने हलकेच ढकलतो. सरकते. अण्णा असते तर त्यांनी त्या सेल्समनला तिथेच धारेवर धरलं असतं. सरकते ती खुर्ची कसली?

अण्णा नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. नवीन मशीन आलं की जमिनीत खड्डा घ्यायचा, सिमेंट ओतून मशीन पक्कं बसवायचं, लेव्हल बघायची, हे त्यांचं काम. दोन हजार सालानंतर कंपनीने स्वेच्छानिवृत्ती आणली. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती अण्णांची. ते घरी बसले आणि बघता बघता आमच्या घरातलं एकही यंत्र धड राहिलं नाही. मिक्सर उघडला, टेबलफॅन उघडला, शिलाई मशीन उघडलं. उघडून, पुसून, परत जोडून ते त्याकडे बघत बसायचे. आई म्हणाली, "यांना काहीतरी काम बघ रे, नाहीतर उद्या मला उघडून बघतील."

काम आलं मामाकडून. मामाची मखमलाबादला फुलांची आणि भाजीची शेती. शहर वाढत गेलं, शेवंतीच्या वाफ्यांवरून रस्ता गेला, आणि त्याच्या मोबदल्यातून मामाने जेल रोडला गाळे बांधले. त्या भाऊबीजेला आईने ओवाळलं आणि मामाने ताटात नोटेऐवजी किल्ली टाकली.

"एक गाळा भाच्याला. टाकू दे त्याला धंदा, अक्का."

आईला हसू आणि रडू एकदमच आलं. मी करारपत्राचं नाव काढायला तोंड उघडलं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की निरांजन विझावं.

"ओवाळणीचा कागद करतात होय रे?"

मी व्हिडिओ गेमचं दुकान काढलं. कॉम्प्युटर, गाड्यांच्या शर्यतीचे गेम, धरायला खरंखुरं वाटणारं स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या. पहिल्याच दिवशी अण्णांनी एका पोराला ब्रेक मारताना पाहिलं. पाय पुढे गेला आणि पोरगं खुर्चीसकट मागच्या भिंतीला जाऊन टेकलं.

"ही काय बसायची जागा झाली? यापेक्षा पाट बरा," अण्णा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन लिंक रोडच्या भंगार बाजारात शिरले.

पुढचे दिवस म्हणजे उत्सव. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या सीटा आणल्या, त्यांना नवं रेक्झिन चढवलं. पाठीवर पिवळ्या-नारिंगी ज्वाळा रंगवल्या. भंगारातल्या मिक्सरची एकेक मोटर सीटखाली बसवली आणि तिच्या दांड्यावर एका बाजूने जड असा लोखंडाचा तुकडा लावला. बटण दाबलं की सीट गदगदा हलायची, थेट गाडी खड्ड्यातून गेल्यासारखी. मी भिंतीवर शर्यतीच्या गाड्यांची पोस्टरं लावली, काउंटरवर हेल्मेटच्या आकाराचे मग, गेममधल्या गाड्यांच्या की-चेन आणि अण्णांच्याच ज्वाळा छापलेले टी-शर्ट मांडले. नाशिकरोडला असलं दुकान कोणी पाहिलं नव्हतं.

आणि मग अण्णांनी पहार घेतली. फरशी उचकटून हातभर खोल खड्डे घेतले, प्रत्येक खुर्चीचे लोखंडी पाय त्यात उभे केले आणि वरून सिमेंट ओतलं.

"अण्णा, खुर्ची आहे ती. लेथ मशीन नाही!"

"हलली की संपली," ते म्हणाले. सपाटी मोजायची तळहाताएवढी लेव्हल सीटवर ठेवून ते उकिडवे बसले होते. काचेतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत त्यांनी मला श्वासही मोठ्याने घेऊ दिला नसता.

मामा दारात उभा राहून खूश. "दाजी, लय भारी! भूकंप झाला तर माझा गाळा जाईल, तुमची खुर्ची नाय जायची."

खुर्ची हलणार नाही म्हणून अण्णांनी पायडलची पट्टी पुढेमागे होणारी केली. पोरगं बसलं की ते खाली वाकायचे, पाना लावायचे, पट्टी त्याच्या उंचीला आणून ठेवायचे. कंपनीचा खाकी शर्ट पुन्हा अंगात आला. शाळा सुटली की दारात गोंधळ, "काका, मला ज्वाळावाली!" सगळ्याच ज्वाळावाल्या होत्या. अण्णा घरी येऊन जेवताना प्रत्येक खुर्चीची तब्येत सांगायचे. मिक्सर आता बिनधास्त चालत होता, घरात कोणी त्याच्याकडे बघतही नव्हतं.

दोनेक वर्षांनी मामेभाऊ बी.कॉम.च्या परीक्षेत पुन्हा एकदा आडवा झाला. त्या भाऊबीजेला मामा पाटावर बसला, टोपी नीट केली. आईने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवायला लागली. मामाने ताटात साडी ठेवली. भारीतली होती. मग त्याने घसा खाकरला.

"अक्का, तेवढी गाळ्याची किल्ली लागंल. पोराला बसवायचाय तिथं."

आईचा हात थांबला नाही. तिने ओवाळणं पूर्ण केलं, ताट खाली ठेवलं, आत जाऊन किल्ली आणली आणि साडीवर ठेवली. साडीसकट ताट भावापुढे सरकवलं. "लाडू खाऊन जा," एवढंच म्हणाली. तो खरंच खाऊन गेला, आणि चांगले झालेत म्हणाला! त्याची पाठ वळल्यावर ती आम्हाला म्हणाली, "आजपासून त्याच्या दारात ह्या घरातल्या कोणाचा पाय पडता कामा नये."

सामान एका दुपारी निघालं. कॉम्प्युटर, पोस्टरं, मग, सगळं टेम्पोत चढलं. राहिल्या खुर्च्या.

"फरशी फोडू नका बरं का, दाजी," मामा बाहेरून म्हणाला. "राहू द्या की. तुमची आठवण."

अण्णांनी ग्राइंडर आणला होता. पाय फरशीलगत कापायचे आणि खुर्च्या उचलायच्या. त्यांनी चष्मा चढवला, पाती खुर्चीच्या पायाला लावली. मग ग्राइंडर बाजूला ठेवून खिशातून लेव्हल काढली आणि सीटवर ठेवली. दोन वर्षं पोरांनी त्या खुर्चीवर उड्या मारल्या होत्या. बुडबुडा मधोमध.

"राहू दे," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला होत नसेल तर मी कापतो." मी ग्राइंडर उचलला. त्यांनी माझं मनगट असं धरलं की संध्याकाळपर्यंत वळ होता.

तर अशी आमची मिळकत. मामेभावाने कॉम्प्युटर आणले, खुर्च्या त्याला आयत्या मिळाल्या. पाटीवर त्याने ज्वाळा रंगवून घेतल्या, अण्णांच्याच. मी एका ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीला लागलो. आमचे कॉम्प्युटर विकले, टी-शर्ट विकले गेले नाहीत. ते मी घरात वापरले. आई फरशी पुसायला मागायची.

एकदा ऑफिसातून लवकर सुटलो आणि स्कूटरवर जेल रोडने येत होतो. त्या गाळ्याच्या दाराशी अण्णांची सायकल. आत बघतो तर सीटखालून खाकी पँटीतले दोन पाय बाहेर आलेले. शेजारी ग्रीसचा डबा. एक पोरगं मामेभावाला विचारत होतं, "ही कधी चालू होणार?"

"दोन मिनिटं थांब," मामेभाऊ काउंटरवरून न उठता म्हणाला. "आमचे मिस्त्री बघतायत ना."

ते अण्णांना ऐकू गेलं असणार. सीट तीन फुटांवर होती. सीटखालचे पाय हलले नाहीत.

अण्णा बाहेर आले, हात पुसले, पोराला बसवलं, पट्टी मागे घेतली. बटण दाबलं. सीट थरथरली, पोरगं किंचाळलं आणि अण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या घरात कित्येक महिने पाहिलं नव्हतं. मग त्यांना मी दिसलो.

रस्त्यावर आल्यावर मी तोंड सोडलं. "लाज नाही वाटत? मिस्त्री म्हणतो तुम्हाला! त्याच्या बापाने..."

"ग्रीस कोण भरणार मग? त्याला ग्रीस घालायचं निपल कुठे आहे तेसुद्धा माहीत नाही. मोटर जाळेल तो."

"जळू द्या."

ते सायकलचं स्टँड काढत होते. "कंपनीत मला नंबराने हाक मारायचे," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं. मिस्त्री काही वाईट नाही."

  मी स्कूटर ढकलत त्यांच्या सायकलीशेजारी चालत राहिलो.

घरी आईने दारातच विचारलं, "कुठे होतात दोघं?"

"भाजी आणायला," मी म्हणालो.

तिने आमच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. अण्णांच्या नखांत ग्रीस होतं. ती आत गेली आणि जेवायच्या वेळी फक्त पिठलं वाढलं. भाजी का नाही, हे कोणीच विचारलं नाही.