लिबोरिओचा नवा आवाज

पेर्नांबुकोच्या ऊसपट्ट्यात ओतासिलिओला ओळखत नाही असा माणूस विरळा, आणि त्याला खेळ करताना पाहिलेला माणूस तर एकही नाही. कारण बाहुल्यांचा खेळ सुरू झाला की तो पडद्यामागे. वर दिसायचा तो लिबोरिओ: लाकडी डोकं, फाटकं जाकीट आणि जीभ अशी की ऊसतोड्यापासून पाद्र्यापर्यंत कुणाला सोडायची नाही. ओतासिलिओची उभी हयात त्या जाकिटात हात घालण्यात गेली. गंमत म्हणजे खेळ रंगात आल्यावर लिबोरिओ समोरून कसा दिसतो, हे त्याने स्वतः कधीच पाहिलं नव्हतं.

गावातल्या मोठ्या माणसांची लिबोरिओशी सरळसरळ दोस्ती असायची, नाहीतर वैर. शेजारीण दोना फिलो रोज सकाळी ओतासिलिओला कॉफी द्यायची आणि सुनवायची, "तुम्ही देवमाणूस हो, पण तो लिबोरिओ! माझ्या पोरीच्या लग्नात नाचायला येतो म्हणाला सगळ्यांदेखत, आणि आला का? समोर येऊ दे, बघतेच त्याच्याकडे."

"सांगतो त्याला," ओतासिलिओ कॉफीचा घोट घेत म्हणायचा.

यंदा घशाचं ऑपरेशन झालं आणि ओतासिलिओचा आवाज गेला तो गेलाच. जूनमधल्या संत जुआंवच्या जत्रेत त्याच्या मुलीने, जांदिराने, लिबोरिओला हातावर चढवलं. आज लोकांनी त्याला आपला म्हटलं नाही, तर लिबोरिओ कायमचा पेटीत जाणार, हे बापलेकीला ठाऊक होतं. ओतासिलिओ जन्मात पहिल्यांदा प्रेक्षकांत, पुढच्या बाकावर बसला.

अकॉर्डियन वाजलं आणि पडद्यावर लिबोरिओ उगवला. काय ऐट! मान कशी वळवतो लेकाचा! ओतासिलिओ हरखून गेला. पण लिबोरिओ बोलायला लागला, आणि आवाज निघाला बारीक, बाईचा.

मग मागून, दोन घोट जास्त झालेला अदेल्मो ओरडला, "हा कुठला लिबोरिओ? ही तर जांदिरा! लिबोरिओ मेला!"

ओतासिलिओने बाकाची कड घट्ट धरली. शेजारी भाजलेलं कणीस खात बसलेल्या गावातल्या छोट्या इआराने त्याची बाही ओढली.

"आजोबा, घाबरू नका. तो लाकडाचा आहे. आत जांदिरामावशीचा हात आहे, मला माहितीये. फक्त त्याला सांगू नका हं. त्याला माहीत नाहीये."

वर लिबोरिओने कमरेवर हात ठेवले. "काय रे अदेल्मो! मिसरूड फुटताना तुझा आवाज बोकडासारखा झाला होता, तेव्हा तुझी आई म्हणाली का, हा माझा अदेल्मो नव्हेच म्हणून?"

"म्हणायला हवं होतं!" अदेल्मोची आईच ओरडली, आणि हशा पिकला.

तेवढ्यात दोना फिलो बाह्या सरसावून उठली. "आवाजाचं राहू दे बाजूला! मेल्या, लग्नाच्या दिवशी कुठे उलथला होतास? मक्याच्या गोड पामोन्या झाकून ठेवल्या होत्या मी तुझ्यासाठी!"

ओळखलं! फिलोने ओळखलं! ओतासिलिओला वाटलं, बाकावर उभं राहून नाचावं.

लिबोरिओ रडकुंडीला आला. "फिलोताई, मी निघालो होतो हो, गळ्यात नवा रुमाल बांधून. पण ह्याने मला पेटीत कोंडलं!" त्याचा लाकडी हात थेट ओतासिलिओवर रोखला गेला. "हाच तो म्हातारा! विचारा त्याला!"

सगळी जत्रा ओतासिलिओकडे वळली.

"शोभतं का हो तुम्हाला?" फिलो कडाडली. "रोज माझी कॉफी पिता, आणि वर हे धंदे?"

ओतासिलिओ ताडकन उठला. दोन्ही हात हलवत, नुसत्या ओठांनी तो सांगत सुटला: खोटं बोलतोय, साफ खोटं! त्या दिवशी हाच ढोसून पडला होता! मूठ उगारून तो लिबोरिओच्या अंगावर धावला. लोकांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. ओतासिलिओच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता.

इआरा मागून त्याचा सदरा ओढत होती. "आजोबा! अहो आजोबा! लाकडाचा आहे तो!"

ओतासिलिओ तिच्याकडे वळला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं.