मॉरिशसला गेलेली पेटी

मुलुंडच्या गाण्याच्या क्लासमध्ये माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण लग्न करून मॉरिशसला गेली आणि तिथे मुलांना गाणं शिकवायला लागली. मी लग्न करून मुलुंड पश्चिमेहून मुलुंड पूर्वेला गेले. तिथे माझ्या गाण्याची कुणाला गरज भासली नाही. मी नोकरीला लागले आणि पेटी पलंगाखाली गेली.

मध्यंतरी एका संध्याकाळी तिचा फोन आला. "अगं, तिकडे एखादी जुनी पेटी मिळेल का? आमच्या दोनातली एक समुद्राच्या हवेने गेली. पोरं नंबर लावून वाजवतात."

मागणी एवढीच होती. मला मात्र ऐकू आलं ते वेगळंच. सातासमुद्रापार सुरांसाठी तहानलेली मुलं, आणि त्यांच्याकडे घागर घेऊन निघालेली मी. फोन ठेवेपर्यंत माझ्या डोक्यात एक संस्था उभी राहिली होती आणि तिची अध्यक्षही ठरली होती.

"एकच पेटी मागितलीय ना तिने?" नवऱ्याने विचारलं.

"तुला व्हिजन नाही," मी म्हटलं.

मग मी सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर आवाहन टाकलं. 'तुमच्या माळ्यावर धूळ खात पडलेलं वाद्य परदेशातल्या एखाद्या मुलाचं आयुष्य घडवू शकतं.' पाठवण्याआधी ते मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी मलाच भरून आलं. लोकांनी बहुतेक माळ्यापर्यंतच वाचलं. त्यांनी माळे रिकामे केले. मान तुटलेली गिटार आली. मांजराच्या आवाजात वाजणारा खेळण्यातला कीबोर्ड आला. एका मावशींनी तंबोरा पाठवला, त्याच्या फुटक्या भोपळ्यात त्या छत्र्या ठेवत असत. हॉलमधून बाथरूमला जायचं तर तबल्यांच्या मधून वाट काढावी लागे. नवरा एकदा डग्ग्यावर आपटला आणि म्हणाला, "हा तरी सुरात आहे."

खरीखुरी चांगली पेटी मिळाली ती दिंडोशीला. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक आजोबा, कॉलनीत एकटेच राहायचे. मूळचे अकोल्याकडचे. त्यांची पत्नी जयंतीच्या कार्यक्रमांत बायकांच्या गायनपार्टीला पेटीची साथ करायची. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. पेटी कपाटावर, इस्त्री केलेल्या चादरीत गुंडाळून ठेवलेली.

आजोबांनी ती उतरवली, पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. "ताई, नेण्याआधी एकदा वाजवून दाखवता? मला सुरातलं काही कळत नाही. पण दोन वर्षं घरात आवाज नाही."

आता अध्यक्षांची परीक्षा होती. भाता मोकळा केला, घसा साफ केला आणि एक भजन धरलं. अंतऱ्यात बोटं चुकली. ती चूक झाकायला मी जोरात भाता मारला, तशी पेटी अशी काही ओरडली की खाली कुत्रं भुंकायला लागलं. मग दुसरं.

आजोबा शांतपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "आमची ही वाजवायची तेव्हा कुत्री भुंकत नसत." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मी पेटी मिटली. दारापर्यंत सोडायला येताना त्यांनी एकच अट घातली. "वाजवणाऱ्यालाच द्या. शोकेसमध्ये नको." तुमच्याकडेही नको, असं ते म्हणाले नाहीत. मी ते आपलं आपणच ऐकून घेतलं.

सामान पाठवायचं होतं अंधेरीच्या एका कुरियर एजंटकडून, विमानतळाजवळच. टेम्पो भरून वाद्यं घेऊन मी तिथे पोचले. तिथल्या बाईंनी खोकी उघडायला लावली. तबल्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कातडं आहे. तिकडे तपासणीत अडकेल. परत न्या." मग त्यांनी गिटारकडे आणि तंबोऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे दुरुस्तीला पाठवताय का?" शेवटी पेटीचं खोकं उघडलं. पेटीला धक्का लागू नये म्हणून मी चारी बाजूंनी मैत्रिणीसाठी केलेल्या कुरडया भरल्या होत्या. बाईंनी एक कुरडई उचलून उजेडात धरली.

"हे वाद्य आहे?"

"तळल्यावर," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

अखेर दिंडोशीची पेटी तेवढी गेली, जुन्या साड्यांच्या बिछान्यात. बाकीचं सगळं टेम्पोतून परत मुलुंडला आलं. नवऱ्याने दार उघडलं आणि तो बाजूला झाला. एकच पेटी मागितली होती, एकच गेली. हे तो कधीही बोलून दाखवू शकला असता. त्याने ते राखून ठेवलं आहे, हे मला जास्त टोचत होतं.

पेटी पोचल्यावर मैत्रिणीने रविवारी व्हिडिओ कॉल ठेवला. "मुलांना तुला बघायचंय." मी पैठणी नेसले. भाषण पाठ केलं. शिवाय भाषणानंतर एक छोटासा धडा घ्यायचंही मी परस्पर ठरवून टाकलं आणि पलंगाखालची माझी पेटी काढून समोर ठेवली.

पडद्यावर मुलं दिसली. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेले. मराठी त्यांना तुटक येत होती. मी सुरांच्या साधनेवर बोलले. मुलं सभ्यपणे ऐकत होती. एक लहानगा जांभई देऊन पुन्हा हाताची घडी घालून बसला. मग मैत्रीण म्हणाली, "आता आमचंही ऐक गं." तिने बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीला दिंडोशीच्या पेटीसमोर बसवलं.

मुलीने तिच्या पणजीकडून घरात आलेलं एक भजन सुरू केलं. शब्द मराठी होते, पण जुने, घासून गुळगुळीत झालेले. काही तिलाही कळत नसावेत. चाल मी कधी ऐकली नव्हती. आपण मार्गदर्शक, तेव्हा साथ द्यायला हवी, म्हणून मी इथून पेटी वाजवायला लागले. ती वर गेली की मी खाली, ती थांबली की मी एकटीच पुढे. घामाघूम झाले, पण सोडलं नाही. माझ्या साथीने मुलगी जराही विचलित होत नाही, याचं मला मोठं कौतुक वाटलं.

भजन संपल्यावर मी बोलायला लागले, तर कुणी ऐकेना. मैत्रीण म्हणाली, "थांब, तुझा माईक सुरू करते. मगाशीच बंद केला होता मी."

"कधी?"

"तू पेटी ओढलीस तेव्हाच. यार, मी तुझ्या शेजारी बसायचे ना क्लासमध्ये."

मी हसले. हसता हसता त्या मुलीचा शेवटचा सूर आठवला आणि पुढे बोलता येईना. मैत्रिणीला वाटलं, माझा आवाज पुन्हा गेला.

त्या गाण्याचं रेकॉर्डिंग घेऊन मी दिंडोशीला गेले. आजोबांनी फोन कानाशी लावून ऐकलं, मग हातात धरून पाहिलं, मग पुन्हा कानाशी. "हिची बोटं लांब आहेत," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या हिच्यासारखी नाही वाजवत." आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. चहा मीच केला. साखर कुठे आहे हे विचारावंसं वाटलं नाही, डबे उघडून शोधली.

मैत्रिणीने नंतर तिला काय हवंय ते नीट सांगितलं, आणि या वेळी मी तेवढंच ऐकलं. भात्याचं कापड आणि पेटीचे सुटे सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या. ते मी लहान पाकिटातून पाठवते. आणि दर रविवारी तिच्या नवशिक्यांच्या वर्गात ऑनलाइन बसते, आठ वर्षांच्या मुलांबरोबर. माझा माईक बहुतेक बंदच असतो. गेल्या रविवारी तिने तो आपणहून सुरू केला आणि सरगमचा एक अलंकार म्हणायला सांगितलं. मधेच चुकले. जांभई देणारा तो लहानगा पडद्यावर पुढे सरकला आणि तुटक मराठीत म्हणाला, "परत. हळू."

मी तो परत म्हटला.