वेंडलच्या मुलाखतीचं दही

वेंडल तोंडानं 'हो' म्हणायचा नाही. टोपीच्या कडेला बोट लावायचा, मग डाव्या कोपराला, मग कानाची पाळी ओढायचा. याचा अर्थ 'हो'. कानाऐवजी नाकाला हात गेला तर 'नाही'. आणि सगळं करून झाल्यावर पट्ट्यावर थाप मारली, तर आधीचं सगळं रद्द. बेसबॉलच्या मैदानावर समोरच्या टीमला कळू नये म्हणून मॅनेजर असल्या खुणा करतात. वेंडल त्या टेक्सासातल्या शुगर लँडमध्ये, आमच्या गल्लीत, स्वतःच्या ड्राइव्हवेवर उभा राहून करायचा, आणि विषय असायचा, आमचं स्प्रिंकलर चालूच राहिलंय. मी मुळात कमी बोलणारा. त्यामुळे हा शेजारी मला पहिल्याच आठवड्यात आवडला.

बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे फायली सांभाळणारा नव्हे. तो टीमचा कर्ता पुरुष. साठी उलटली तरी खेळाडूंसारखाच युनिफॉर्म घालून बाकावर बसतो, सूर्यफुलाच्या बिया चघळतो, आणि कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं ते ठरवतो. टीम हरायला लागली की आधी त्यालाच काढतात. वेंडलला दोनदा काढलं होतं. दुसऱ्यांदाची हकिकत तो फार रंगवून सांगायचा. त्याचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, झकास टाकत होता. आकडेमोड करणारे लॅपटॉपवाले म्हणत होते, राहू दे त्याला. वेंडलनं त्याचं तोंड बघितलं, मैदानात जाऊन हात पुढे केला, त्याच्याकडून बॉल घेतला आणि त्याला बाहेर काढलं. जो आत गेला त्यानं मॅच घालवली.

"पीके, तो पोरगा संपला होता," वेंडल म्हणायचा. प्रकाश केळकर त्याला झेपत नसे. त्याचं बोलणं अर्थातच इंग्रजी, पण मला आता ते मराठीतच आठवतं. "हातात जोर होता रे, पण माणूस आधी चेहऱ्यावर संपतो."

हा चेहऱ्याचा सिद्धांत माझ्यावरही चालला. मंडळाच्या गणपतीच्या जेवणाला आम्ही त्याला घेऊन गेलो होतो. मी मसालेभात वाढत होतो. निम्मी पंगत झाली असेल. वेंडल खुर्चीतून उठला, संथ पावलं टाकत माझ्यापर्यंत आला आणि हात पुढे केला. मी डाव त्याच्या हातात दिला. त्यानं माझ्या पाठीवर थोपटलं, जिलबीपाशी उभ्या असलेल्या कुलकर्ण्यांना बोट करून बोलावलं आणि डाव त्यांना दिला. कुलकर्णी बिचारे लगेच वाढायला लागले. बाकावर बसल्यावर मी श्रीखंडाची वाटी त्याच्याकडे सरकवली, तेव्हा त्याचा हात नाकाकडे गेला. मग हळूच म्हणाला, दूध, दही, चीज, काही चालत नाही, तासाभरात पोट बंड करतं. कुणाला सांगू नकोस, टेक्सासमध्ये माणसानं सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

मी कुणालाच सांगितलं नाही. न सांगणं हे मला न सांगताच जमतं.

त्याला पुन्हा कुणी घेईल का, हा आमच्या घरात रोजचा विषय झाला होता. तो गवत कापताना फोन खिशात नाही, हातात धरायचा. शनिवारी-रविवारीही, का तर 'मॅनेजरला रविवारीच काढतात, म्हणजे घेणारही रविवारीच'. आमची इरा डॅलसहून फोनवर म्हणाली, "बाबा, ही हॅज झीरो चान्स. दोनदा फायर झालेल्याला कोण हायर करणार?" माझ्या बायकोचं, वैशालीचं, मत वेगळं. तिच्या मते माणूस चांगला होता, फक्त घरातून निघतानाचे शकुन कुणी बघत नव्हतं. आणि याबाबतीत तिचं आणि वेंडलचं गूळपीठ होतं. वेंडल मैदानावरच्या पांढऱ्या रेघेवर कधी पाय द्यायचा नाही आणि टीम जिंकत असेपर्यंत मोजे धुवायचा नाही. वैशालीला मोजे पटले नाहीत, रेघ पटली.

पहिल्या मुलाखतीला तो सूट घालून निघाला तेव्हा मी कचऱ्याचा डबा बाहेर आणत होतो. वर्षाकाठी मी आपणहून जी काही वाक्यं बोलतो, त्यातलं एक नेमकं तेव्हा बोललो. "कुठे निघालास?" नोकरी गेली छत्तिशीच्या एकाकडे. वैशाली दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. "हटकलंत तुम्ही त्यांना. एरवी तोंडातून शब्द फुटत नाही, आणि तेव्हा बरा फुटला."

त्यामुळे दुसऱ्या मुलाखतीच्या सकाळी मी बोलायच्या अवस्थेतच नव्हतो. एका लहान गावातल्या टीमचे लोक विमानतळाजवळच्या हॉटेलात येणार होते, तासाभराचा ड्राइव्ह. वैशालीनं त्याला आमच्या दारात बोलावलं. हातात दही-साखर. चमचाभर देतात, पण एवढ्या उंच माणसाला चमचाभर काय पुरणार म्हणून वाटी भरून. महत्त्वाच्या कामाला जाताना खातात, काम होतं, असं तिनं त्याला समजावलं. वेंडलनं वाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला सगळं ठाऊक होतं. मी दाराच्या कडीकडे बघत राहिलो. त्यानं वाटी चाटूनपुसून खाल्ली, वैशालीला थँक यू म्हणाला आणि ट्रकमध्ये बसला.

वैशालीला हे मी आजवर सांगितलेलं नाही. आता लिहितोच आहे, तर वाचेलच.

तो संध्याकाळी परतला आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. समोर तीन पोरं होती, तिघांपुढे तीन लॅपटॉप. त्यातला एक विचारत होता, मशीन म्हणतंय पिचर ठेवा आणि तुम्हाला वाटतंय काढा, तर काय कराल? प्रश्न अर्ध्यावर असतानाच वेंडल उठला आणि खोलीबाहेर गेला. बऱ्याच वेळानं आला, बसला. प्रश्न पुन्हा सुरू झाला, हा पुन्हा उठला. तिसऱ्यांदा परत आल्यावर पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"मग मी म्हटलं," वेंडल म्हणाला, "मित्रांनो, मी तासभर तुमच्यासमोर बसलोय आणि पहिल्या दहा मिनिटांतच मी संपलो होतो. तुमच्यातल्या एकालाही माझ्या तोंडावर दिसलं नाही. मला दिसलं असतं. मला त्याचाच पगार देतात."

"असं का झालं पण तुम्हाला?" वैशालीनं कळवळून विचारलं. "बाहेरचं काही खाल्लंत का?"

वेंडल म्हणाला, हो, हॉटेलातली कॉफी. मी सिंकमधली भांडी विसळायला घेतली.

फोन रविवारी आला. 

युनिफॉर्म कुरिअरनं आला त्या दुपारी अंगाची लाही होत होती. वेंडल तो नखशिखांत चढवून, पट्टा आवळून, लॉनला पाणी घालत उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या हॉर्न देत होत्या. मी रस्ता ओलांडला.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "दह्याचं. तिथेच उभा होतो आणि बोललो नाही."

"ठाऊक आहे." त्यानं नळी गुलाबाकडे वळवली. "तुझं तोंड बघितलं मी. एकीकडे बायको, एकीकडे मी. तू पार संपला होतास, पीके. तुला तिथे उभं ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणून वाटी घेतली."

मी नळीला पडलेला पीळ सोडवला. मग विचारलं, किती दिवस ठेवतील हे लोक?

"दोन सीझन. फार तर तीन. मग काढतील."

"मग जातोस कशाला?"

त्यानं पाठ माझ्याकडे केली आणि म्हणाला, "नाव नीट बसलंय का बघ."

एरवी मी मान डोलावून घरी आलो असतो.

"नाही," मी म्हणालो. "शेवटच्या अक्षराचे टाके सुटलेत."

"राहू दे," वेंडल म्हणाला. "काढतील तेव्हा तेवढंच कमी उसवावं लागेल."